धक्के

मी मराठीचा प्राध्यापक आहे. आजवर आयुष्यात मी जे काही सोडवले ते समास. नटबोल्ट सोडवण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तेव्हा गेल्या भाद्रपदातल्या एका रविवारी, नांदेडातल्या आमच्या घराच्या अंगणात, जुनी लुंगी लावून मी व्हॅनच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला पाहून गल्लीतली मुले खेळ टाकून भोवती जमली, यात त्यांचा काही दोष नाही.

आमची गाडी म्हणजे मारुती व्हॅन. १९८४ साली ती बाजारात आली, १९८८ साली तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली ती निघायची बंद झाली. पण लोक तिला शेवटपर्यंत व्हॅनच म्हणत राहिले. आकार पावाच्या लादीसारखा. पुढे नाक म्हणून नाहीच. इंजिन पुढच्या आसनांखाली आणि पुढची चाकेही तिथेच. त्यामुळे पुढे बसणारा माणूस एका अर्थी चाकावरच बसलेला असतो. आणि ती पुढची डावी जागा आमच्या घरात आईची. वडील गेल्यापासून तो मान तिचा. त्याबद्दल मुलांनीसुद्धा कधी भांडण केले नाही.

आता हे धक्क्याचे प्रकरण. गॅरेजात ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात त्याचे मूळ नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मराठीत धक्काशोषक. शब्द कानाला भारदस्त वाटतो, पण माझ्या मते तो साफ चुकीचा आहे, आणि इंग्रजीतलाही चुकीचाच. धक्का झेलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की ती दबते. पण दबलेली स्प्रिंग गप्प बसत नाही, ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. एका खड्ड्याचे पाच धक्के व्हायचे. ते होऊ नयेत म्हणून स्प्रिंगच्या पोटात एक नळकांडे बसवलेले असते. त्यात तेल आणि तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या. दट्ट्या हलायचा तर तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या खटपटीत उसळी जिरून तिची ऊष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर नळकांड्याला हात लावला तर ते कोमट लागते. म्हणजे हे यंत्र धक्का शोषत नाही, धक्क्यानंतरची घालमेल शमवते. परिभाषा करणाऱ्यांनी ‘दोलशामक’ म्हणायला हवे होते. पण हे मी सांगितल्यावर सुट्या भागांचा दुकानदार एवढेच म्हणाला, “सर, जोडी देऊ का एकच?”

जोडीच घ्यावी लागते. एक नवा आणि एक जुना असला तर गाडी एका अंगाने डुलते.

आमच्या मराठवाड्याची काळी माती कापसाला जितकी मानवते तितकी रस्त्याला मानवत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा रस्ता बिचारा तिच्याबरोबर उठबस करीत राहतो. नांदेडहून लातूरकडे जाणारा महामार्ग आता चांगला झाला आहे. पण आमचे गाव महामार्गावर नाही. लोह्याच्या अलीकडे फाट्यावरून आत वळले की पुढचे सात किलोमीटर गाडीने चालायचे नसते, पोहायचे असते. त्या सात किलोमीटरांनीच आमचे शॉकअप खाल्ले. पण कसे? एका दिवसात नव्हे. आज जरा जास्त उसळली, उद्या त्याहून जरा जास्त. चालवणाऱ्याच्या हाताला स्टिअरिंगचा आधार असतो, समोरचा खड्डा त्याला आधी दिसतो, आणि रोज थोडे थोडे बिघडत जाणारे त्याला चांगलेच वाटत राहते. मला तर आमची गाडी ठणठणीत वाटत होती.

आईने मात्र गाडीत बसणे सोडले होते. गेल्या मार्गशीर्षात तिने माळेगावच्या यात्रेला यायचे नाकारले. लग्न होऊन आल्यापासून खंडोबाची ती यात्रा तिने सहसा चुकवली नव्हती. दर्शनाइतकीच ओढ तिला तिथल्या घोड्यांच्या बाजाराची. घोडा घ्यायचा नव्हता कधीच. नुसता पाहायचा, आणि दात बघून वय सांगणाऱ्या माणसाशी हुज्जत घालायची. “आता या वयात काय यात्रा,” ती म्हणाली. मग गोदावरीच्या घाटावर जाणे थांबले, मग बहिणीकडे जाणे. मी मनाशी म्हटले, वय झाले. अशा वेळी ‘विरक्ती’सारखा शब्द आपल्याला फार सोयीचा पडतो.

खरे काय ते श्रावणात बायकोने सांगितले. “अहो, विरक्ती कसली? मणका ठिसूळ झालाय हे डॉक्टरांनी सांगितलं ना? गाडी आदळली की आईंच्या डोळ्यांतून पाणी येतं. मला शपथ घातली होती, त्याला सांगू नको, खर्चात पडेल.”

मी त्या संध्याकाळी अंगणात गेलो आणि कुठेतरी वाचलेली परीक्षा करून पाहिली. गाडीचा पुढचा कोपरा अंगभार देऊन दाबायचा आणि सोडायचा. चांगली गाडी एकदा वर येऊन स्थिर होते. आमची कितीतरी वेळ मान हलवीत राहिली.

गॅरेजात टाकता आली असती. पण ज्या गॅरेजात ती नेहमी जात असे तिथे दोन महिन्यांपूर्वीच “अजून चालतंय, सर” असे ऐकून मी खुशाल घरी आलो होतो. शिवाय हे काम आपण केले पाहिजे असे काहीतरी मनाने घेतले. शेजारी एस. टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते. ते कुंपणावरून डोकावले. “काय करायलाव, सर?” मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. घरात जाऊन पान्यांची पेटी आणि स्प्रिंग दाबायचे दोन आकडे घेऊन आले.

चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच ढिले करायचे, नुसत्या जॅकवर विसंबायचे नाही, मागच्या चाकांना दगड लावायचे, हे सारे मला त्या दिवशी कळले. ब्रेकची नळी अलगद बाजूला केली. खालचे दोन बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांनी तास खाल्ला. वरचे नट काढल्यावर स्प्रिंगसकट सगळा सांगाडा हातात आला, आणि तिथे मामांनी माझा हात धरला. “ह्या मधल्या नटाला इतक्यात हात लावायचा नाही. स्प्रिंग दाबलेली हाय. सुटली तर तोंड फोडंल.” दोन्ही बाजूंचे आकडे आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा पिळत त्यांनी स्प्रिंग वरच्या थाळीपासून मोकळी केली. तेवढा वेळ गल्लीतली मुलेसुद्धा गप्प होती.

जुने नळकांडे तेलाने माखले होते. मी ते ओट्यावर ठेवले. आई केव्हा येऊन उभी राहिली कळले नाही. तिने त्याची दांडी बोटाने दाबली. ती विनातक्रार आत गेली आणि आतच राहिली. मग तिने नव्याची दांडी दाबून पाहिली. ती दबेना. मामांनी दोन्ही हातांनी रेटली तेव्हा सावकाश आत गेली, आणि सावकाश वर आली. आई काही बोलली नाही. “चहा टाकते,” म्हणून आत गेली.

दोन्ही बाजू बसवून झाल्या तेव्हा दिवस मावळला होता. मी विजयी मुद्रेने हात धुतले. तेवढ्यात बायको नटबोल्ट ठेवायला दिलेले ताट उचलायला आली (ते पुरणाचे ताट होते, यावर नंतर स्वतंत्र चर्चा झाली) आणि म्हणाली, “हे एक राहिलंय.” ताटात एक वायसर होता. मामांनी तो उलटसुलट पाहिला. “डाव्या बाजूचा हाय,” ते म्हणाले आणि पुन्हा जॅक लावू लागले. डावी बाजू आईची. विजेरी धरून मुलगा उभा राहिला. रात्री नऊ वाजता आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून आणले, कारण हे बोल्ट सोडले की चाकाचा कोन बिघडतो.

दसऱ्याच्या आधी गावी गेलो. आई पुढे बसली. महामार्गावर काही कळले नाही. फाट्यावर वळलो आणि पहिल्या खड्ड्याआधीच तिचा हात सवयीने दाराच्या मुठीकडे गेला. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. दुसरा खड्डा, तिसरा. मी रस्त्यापेक्षा तिच्या हाताकडेच जास्त पाहत होतो, म्हणून चौथा चांगलाच आदळला.

“समोर बघ की रे,” ती म्हणाली.

मूठ तिने गावापर्यंत सोडली नाही. परत येताना फाट्याशी म्हणाली, “यात्रा औंदा कितव्या तारखेला येते, बघ जरा.”