पोवळं रुसलं की आजारी पडलं?

मैत्रिणींनो, पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाच्या अंगठीतला तांबडा खडा आठवतो. पण पोवळं मुळात जिवंत प्राण्याचं घर. त्याच्याच गोतातलं एक मऊ, मांसल पोवळं बेगडेवाडीला आमच्या बाहेरच्या खोलीत, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत नांदतं आहे. धाकटे भावजी नोकरीसाठी परगावी गेले आणि पेटी माझ्या पदरात पडली. आधीच सकाळची शाळा, स्वयंपाक. त्यात हा समुद्र!

हे पोवळं दिसतं अळंबीसारखं. वर बारीक फुलोरा, प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या. गेल्या मे महिन्यात फुलोरा मिटला आणि ते मलूल होऊन बसलं. ह्यांचं म्हणणं, “टाकून दे.” सासूबाई म्हणाल्या, “घरात आणलेला जीव आहे, असा जाऊ देऊ नकोस.” मला सासूबाईंचं पटलं.

आधी रुसवा की आजार ते ओळखा. हे पोवळं अधूनमधून मिटतं, अंगावर मेणासारखी चकचकीत साय धरतं आणि काही दिवसांनी ती कात टाकून पुन्हा फुलतं. अंग घट्ट असेल, वास नसेल, तर काळजी नको. पाण्याचा प्रवाह तेवढा अंगावरून जाऊ द्या. पण बुडखा काळवंडून विरघळू लागला, घाण वास आला, तर तो आजार.

अशा वेळी औषधाआधी पाणी तपासा. आमटी आटली की खारट होते ना? तसंच इथे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. उकाड्यात पेटीवर पंखा लावला की पाणी गार होतं, पण भराभर आटतंही. ह्यांनी मायेने रोज मिठाचंच पाणी भरलं होतं! भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि २४ ते २६ अंश तापमान मानवतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठच हवं. खारटपणा वाढला असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरवा, एकदम नको.

सडलेला भाग धारदार पात्याने, थोडं निरोगी मांस घेऊन कापावा. काम वेगळ्या भांड्यात, हातमोजे घालून करावं. मग पोवळ्यांसाठी मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणात सांगितल्याप्रमाणे बुडवावं. आमचं निम्मं पोवळं गेलं, पण उरलेल्या तुकड्याने महिन्याभरात फुलोरा धरला.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. अशा पेट्यांत बटणांसारखे जीव दगडावर पसरलेले असतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. १९७१ साली हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. ते दगड कधीही उकळू नका, वाफेनेसुद्धा माणसं आजारी पडली आहेत. कामाच्या बाईंना ते घासायला देऊ नका आणि मुलांना लांब ठेवा.

आणि हो, मालवणला सहलीला गेलात तर आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा उचलू नका. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि दगडी पोवळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. भावजी दिवाळीला येतील तेव्हा त्यांना पेटी दाखवीन. परत मात्र देईन की नाही, सांगवत नाही!