‘येतो’ म्हणण्याआधी ‘या’

जून लागला की कुणकेश्वरच्या पुळणीवर होड्या वर ओढलेल्या दिसतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावर इंजिनांचा आवाज नाही. पडवीत बसून जाळी विणायची, फाटलेलं सांधायचं, दोरखंड तपासायचे. देवळाच्या पायथ्याशी लाटा आदळत असतात आणि त्याच पावसात पाठीवर दप्तर, डोक्यावर छत्री असलेली मुलं देवगडच्या एस.टी.ची वाट बघत उभी असतात. समुद्राचं दार बंद होतं त्याच महिन्यात कॉलेजचं उघडतं. पहिल्या दिवशी सभागृहात प्राचार्य नव्या मुलांचं स्वागत करतात. ते प्राचार्य त्याच सत्रात निवृत्त होणार असले, तर हे स्वागत कोणी करावं? बहुतेक ठिकाणी ते दुसऱ्या कुणावर सोपवलं जातं. सरांचं भाषण शाल-श्रीफळाच्या दिवसासाठी, निरोप समारंभासाठी राखून ठेवतात. मला ही वाटणी चुकीची वाटते. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. असं ‘येतो’ म्हणायला उठलेल्या माणसानेच नव्यांना ‘या’ म्हणावं. ज्याला आता कसलंही आश्वासन देता येत नाही त्याच्याकडे द्यायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हिशेब. आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी त्याचीच खरी गरज असते.

राहणाऱ्या माणसाचं स्वागत आश्वासनांचं असतं. यंदा ग्रंथालय वाढवू, प्रयोगशाळा सुधारू, मुलींसाठी वेगळी खोली बांधू. यात खोटं काही नसतं, पण सगळं भविष्यकाळात असतं. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसाला हा काळ वापरता येत नाही. त्याला सांगावं लागतं ते असं: प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू अडकतो, तो जोर न लावता फिरवा. शेवटचा तास सुटतो आणि गावाकडची एस.टी. निघते, यांत जेमतेम दहा मिनिटं असतात. वेळ बदलून मिळावी म्हणून अर्ज केले आहेत, उत्तर आलेलं नाही, प्रती कार्यालयातल्या हिरव्या कपाटात आहेत. अमुक विषयाची जागा रिकामी आहे, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडम मनापासून शिकवतात, पण त्यांचं मानधन वेळेवर होत नाही. असं बोलणारा प्राचार्य नव्या मुलाला पाहुणा समजत नाही, घरातला समजतो. पाहुण्याला बैठकीच्या खोलीत बसवतात. घरच्याला गळती कुठे लागते ते दाखवतात. आणि हे ऐकायला फक्त मुलं नकोत. ग्रंथपाल, कारकून, प्रयोगशाळेतले मदतनीस, सकाळी फाटक उघडणारे शिपाई हे सगळे समोर हवेत, कारण त्या हिशेबातली अर्धी नोंद त्यांच्या हातची असते.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाचा आहे. गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले 1885 पासून डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. तिथल्या आजीव सदस्यांनी महिना 75 रुपयांच्या आसपास पगारावर वीस वर्षं देण्याची शपथ घ्यायची, असा दंडक होता. सप्टेंबर 1902 मध्ये त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगितली. समुद्रकाठी एक माणूस राहत होता. घर, शेती, माणसं, सगळं सुखाचं होतं. पण समुद्र त्याला ओढत होता. अखेर होतं नव्हतं ते होडीत घालून तो निघाला. दोनदा लाटांनी परत लोटला, तिसऱ्यांदा बुडाला. माझी गत काहीशी तशीच आहे, असं गोखल्यांनी सांगितलं. स्थिर जागा सोडून सार्वजनिक जीवनाच्या खवळलेल्या पाण्यात ते उतरत होते. समोरच्या मुलांना त्यांनी यशाची हमी दिली नाही, स्वतःच्याही नाही. मग त्यांनी कॉलेजबद्दल सांगितलं. ही इमारत एका विश्वासावर उभी आहे: या देशातली माणसं लौकिक कामासाठीही धर्मकार्याच्या निष्ठेने एकत्र येऊ शकतात, आपल्या बळावर संस्था चालवू शकतात. ते भाषण निरोपाचं होतं, हे खरं. पण ऐकणाऱ्या मुलांना कॉलेज म्हणजे काय हे त्याच दिवशी कळलं असेल, तर त्याला स्वागत का म्हणू नये? त्याच वर्षी मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 26 व्या वर्षी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. केंब्रिजमधलं सीनियर रँग्लरपद मिळवलेल्या या गणितज्ञाने परदेशी जाण्यापूर्वीच संस्थेला शब्द दिला होता, आणि तो पाळला.

त्याच संस्थेतला याआधीचा एक निरोप मात्र वेगळा होता. 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. आजीव सदस्यांनी बाहेरची कामं आणि कमाई करावी का, हा वाद काही वर्षं धुमसत होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेणं हेही त्यात एक कारण होतं. टिळकांनी राजीनाम्यासोबत सविस्तर निवेदन दिलं. त्यात संस्थेचा सगळा हिशेब होता, तळमळीचा आणि कठोर. पण तो आला दार ओढून घेताना. संस्थेचे दोष सांगायला माणसाने दुखावून निघेपर्यंत थांबावं लागू नये. दर सत्राच्या पहिल्या दिवशी ते सांगायची रीत असेल, तर त्यातले कितीतरी दोष राजीनाम्यापर्यंत पोचणारच नाहीत.

यावर लोक म्हणतील, जाणाऱ्याचा शब्द कोण मानतो? हातात अधिकार उरलेला नसतो. मला उलट वाटतं. पहिल्या दिवशी मुलांना अधिकाराची नव्हे, विश्वासाची गरज असते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षं, आणि कामाचं मूल्यमापन करून फार तर आणखी पाच. म्हणजे खुर्चीत बसणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासूनच जाणारा असतो. शेवटच्या सत्रात ते सर्वांना दिसतं इतकंच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अठरा वर्षांच्या मुलाचा तो पहिला दिवस असतो, त्यावर दुसऱ्या कुणाच्या निवृत्तीची सावली का पडावी? हे मला मान्य आहे. म्हणून त्या दिवशी हार नकोत, गौरवपर भाषणं नकोत, डोळे पुसणं नको. त्यासाठी निरोप समारंभ आहे. तिसरा आक्षेप असा की उघड हिशेब पुढच्या माणसाला अडचणीत टाकतो. पण कित्येक कॉलेजांत पुढचा माणूस ठरलेलाच नसतो. प्रभारी येतो, प्रभारी जातो, फायली टेबलावर राहतात. घ्यायला वारस नसेल तर हिशेब भरल्या सभागृहाच्या हाती द्यायचा. तीन-चार वर्षं तिथे राहणारी मुलं कुठल्याही प्रभारीपेक्षा जास्त टिकतात.

कुणकेश्वराच्या देवळाची एक आख्यायिका इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वादळात सापडलेल्या परमुलखातल्या व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्या रोखाने गलबत आणून तो वाचला आणि नवस फेडण्यासाठी त्याने देऊळ बांधलं. पुढे त्याने तिथेच प्राण दिला म्हणतात. व्यापाऱ्याची आठवण गावाने ठेवली आहे. त्या रात्री दिव्यात तेल कोणी घातलं, ते कोणी सांगत नाही. त्या दिवा लावणाऱ्याचं काम होतं किनारा कुठे आहे आणि खडक कुठे आहेत हे दाखवणं, आणि ते त्याने येणारा कोण हे माहीत नसताना केलं.

यंदा ज्या प्राचार्यांची निवृत्ती आहे, त्यांना म्हणून विनंती आहे. सर, मॅडम, जूनमधला तो पहिला दिवस दुसऱ्या कुणावर सोपवू नका. वीस मिनिटं बोला, ‘या’ म्हणा, आणि उत्तर न आलेल्या अर्जांची यादी सोबत घेऊन व्यासपीठावर जा.