पद्मिनीची तयारी

“आम्ही आमची जुनी फियाट रॅलीसाठी तयार करीत आहोत,” असे मी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात स्टाफरूममध्ये सांगितले, तेव्हा आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून गंभीरपणे विचारले, “कोणत्या पक्षाची?” त्यांचा काही दोष नाही. आमच्या वणीत रॅली म्हणजे झेंडे, भोंगे आणि बंद पडलेला टिळक चौक. मोटारींचीही रॅली असते, आणि तिच्यात मराठी शिकवणारी सत्तेचाळीस वर्षांची बाई आपण होऊन नाव घालते, हे त्यांच्या कल्पनेत बसेना. ते समजावून सांगता सांगता माझा पुढचा तास बुडायची वेळ आली.

गाडी वडिलांची. वडील डॉक्टर होते. १९९० च्या दसऱ्याला त्यांनी ती घेतली, आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे शिरपूर, कायर, मुकुटबन, राजूर अशा गावांना ती त्यांच्याबरोबर रात्री-अपरात्री गेली. कोळशाच्या ट्रकांनी खणून काढलेल्या रस्त्यांवर तिने जेवढे धक्के खाल्ले तेवढे एखाद्या स्पर्धेच्या गाडीनेही खाल्ले नसतील. २०१९ साली वडील गेले. तेव्हापासून ती मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली उभी होती. धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो आला की ती सुरू करून बसस्टँडपर्यंत एक चक्कर मारायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा.

खरी अडचण कागदाची होती. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून, हरितकर भरून ती वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत सप्टेंबर २०२५ मध्ये संपणार होती. एक भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेस त्याने पंचवीस हजार सांगितले आणि दाराशी बसलेल्या आईला म्हणाला, “आजी, उभी राहून सडते, त्याहून बरं नाही का?” आई काही बोलली नाही. तिने त्याला पाणी दिले आणि आत निघून गेली. मला मात्र ते वाक्य लागले, कारण ते खरे होते. उभी मोटार सडते. ब्रेकचे रबर कडक होते, टाकीत गंज धरतो, आणि उंदीर वायरी कुरतडतात. भावाने नागपूरच्या एका क्लबाच्या रॅलीचा कागद पाठवला तो याच आठवड्यात. मी म्हटले, चला, निमित्त झाले.

आता या रॅलीविषयी थोडे सांगायला हवे. हिच्यात वेगाची शर्यत नसते. वेळ, वेग आणि अंतर या तिघांचा मेळ घालायचा असतो. सकाळी हातात एक वही देतात. तिच्यात रस्त्याचे शब्दांत वर्णन नसते. एक टिंब, एक बाण आणि फाट्याची आकृती, बस्स. अमुक अंतरापर्यंत ताशी छत्तीस किलोमीटरने जा, तेथून पुढे ताशी तीसने, अशा आज्ञा असतात. वाटेत कोठेतरी झाडामागे पंच लपून बसलेले असतात. ते सेकंद मोजतात. उशीर झाला तर दंड. लवकर पोचलात तरी दंड, आणि कित्येक ठिकाणी तो दुप्पट. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की परीक्षेत वेळेआधी पेपर देऊन पळणाऱ्याचे कौतुक करू नका. तेच तत्त्व येथे नियमात आहे हे पाहून मला फार बरे वाटले.

आमच्या भागात शंकरपट सर्वांना माहीत. तळेगाव दशासरच्या पटात जोडी सुटली की घड्याळ सुरू होते आणि सेकंदाच्या अंशांवर नंबर ठरतो. २०१४ च्या न्यायालयीन बंदीनंतर कित्येकांनी पटाचे बैल विकून टाकले. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पटाच्या जोडीची निगा ज्यांनी पाहिली आहे त्यांना आमची धडपड लगेच समजली. स्टाफरूमला जे उमगले नाही ते आमच्या दूधवाल्याला एका वाक्यात उमगले: “म्हणजे गाडीले पटासाठी पोसता तुमी.”

गाडीचे नाव पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे बनू लागली, आणि तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. नाव चितोडच्या राणीचे. पण मराठी शिकवणाऱ्याला नायिकाभेद आठवल्याशिवाय राहत नाही. पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी. लग्नाचे वऱ्हाड भरले की आमची पद्मिनी चढावावर थेट चौथ्या वर्गात जाई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून तर ही गाडी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यांतली शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. मारुती येण्यापूर्वी आपल्याकडच्या रॅलींत याच फियाटी आणि अँबॅसॅडर धावत. १९८० साली नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली, तीही मुंबईहून निघाली होती.

आमचे मिस्त्री साठीचे आहेत. वडिलांच्या वेळेपासून हीच गाडी त्यांच्या हातात. त्यांना बेत सांगितला तेव्हा ते बराच वेळ बॉनेटकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “काहून जी ताई, डॉक्टरसाहेबाची गाडी पळवता? तिचं वय झालं.”

“पळवायची नाही मिस्त्री. नेमकी चालवायची.”

“मंग जमते,” ते म्हणाले आणि बाह्या सारल्या.

माझी समजूत होती की रॅलीची तयारी म्हणजे जादा दिवे, रंगीत पट्टे आणि मोठा आवाज. मिस्त्रींनी पहिले तीन आठवडे गाडीत काहीही नवे घातले नाही. ते फक्त काढत गेले. चारही चाके काढली, ड्रम उघडले. पद्मिनीला पुढे-मागे ड्रमचेच ब्रेक. ते पाण्यातून गेले की भिजतात आणि काही वेळ धरीत नाहीत. पाणी ओलांडल्यावर पेडल हलके दाबून चालवायचे म्हणजे ते घासून कोरडे होतात, ही युक्ती मला वडिलांनीच शिकवली होती. व्हील सिलिंडरचे सगळे रबर बदलले. पुढच्या किंगपिनांत इतका खेळ होता की चाक हाताने हलवले तर दार वाजावे तसा आवाज येई. त्या नव्या आणायला नागपूरच्या जुन्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या. मागच्या कमानपाट्यांतले एक पान तुटलेले निघाले. केव्हा तुटले कोण जाणे! वडिलांनी त्यावरच किती रात्री काढल्या असतील.

मग गंज. पद्मिनीला ट्रकासारखी वेगळी चासी नाही. अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालची पट्टी गंजली तर नुसती शोभा जात नाही, पाठीचा कणाच जातो. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टोचला तो आरपार गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी भावाला फोन लावला, आणि पंधरा दिवस वेल्डिंगवाला आमच्या अंगणात राहायलाच आला. खाली इंजिनाच्या तळाला लोखंडी पत्र्याची ढाल बसवली. रॅलीसाठी म्हणून जे नवे घातले ते एवढेच. बाकी सगळा जीर्णोद्धार.

पेट्रोलच्या नळ्यांचा प्रश्न नवा होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते, त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. सगळ्या नळ्या बदलल्या. आणि जुना प्रश्न जुनाच होता: इंजिनाच्या कुशीतला पेट्रोलपंप. आमच्याकडचा उन्हाळा ठाऊक असेल त्याला सांगणे नको. पंप तापला की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात मान टाकते. यावर वैदर्भी उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. वडिलांच्या डिकीत स्टेथोस्कोपाशेजारी एक फडके आणि पाण्याची बाटली कायम असे. आम्हीही ठेवली.

एव्हाना भावाच्या अंगात रॅली पुरती शिरली होती. तो इंटरनेटवर पाहून आला आणि म्हणाला, “मागचं सीट काढून टाकू. वजन कमी होईल. सगळे काढतात.”

आई ओट्यावर शेंगा सोलत होती. तिने काही म्हटले नाही. पण संध्याकाळी मी अंगणात गेले तर ती गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली. दार उघडे, चपला खाली नीट जोडीने ठेवलेल्या. वडिलांच्या शेजारी ती फारशी बसलीच नाही. खेड्यावरून पेशंट आणायचा तर तो पुढे आडवा टेकवीत आणि ती मागे. माझा भाऊ याच सीटवर तापाने फणफणलेला असताना ती त्याला मांडीवर घेऊन यवतमाळपर्यंत गेली होती. हे तिने मला सांगितले नाही; मी त्या रात्री खिडकीपाशी होते. बारा वर्षांची.

मी भावाला एवढेच म्हटले की वेगाची स्पर्धा नसेल तर वजनाची काटकसर कोणासाठी? तो इंजिनिअर आहे. त्याला भावनेपेक्षा हिशेब लवकर पटतो. सीट राहिले.

हिशेबावरून आठवले. ताशी छत्तीस म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर, किलोमीटरला शंभर सेकंद. ताशी चाळीस म्हणजे नव्वद सेकंद, पंचेचाळीस म्हणजे ऐंशी. असे कोष्टक करून मी डॅशबोर्डवर चिकटवले. गाडीच्या मूळ काट्यावर कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून भावाने सायकलला लावतात तो छोटा मीटर आणला. पुढच्या चाकाला लोहचुंबक बसवला. पद्मिनीचे मागचे चाक ओढते, आणि ते खडीवर फिरून घसरले तर अंतर खोटे पडते. चाकाला खडूची खूण करून, गाडी ढकलून, एका फेऱ्याची लांबी भरली एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर. रविवारी पहाटे ट्रकांची गर्दी होण्याआधी कायरच्या रस्त्यावर सराव. गाडी मी चालवायची, वही भावाने धरायची, आणि मागे आई. तिला घरी ठेवायची कोणाची छाती नव्हती.

किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले तर मीटर जास्त दाखवी. भाऊ चक्रावला. शेवटी उमगले की फेरा मोजला तेव्हा गाडी रिकामी होती. आम्ही तिघे बसल्यावर टायर दबले आणि फेरा दोन सेंटिमीटर आखूड झाला. दोन सेंटिमीटर म्हणजे काय? पंचवीस किलोमीटरांत पावणेतीनशे मीटरांची फसवणूक, छत्तीसच्या वेगाला सत्तावीस सेकंद. “माझ्यामुळे का रे?” आईने विचारले. भावाने मान डोलावली आणि तिला बसवूनच पुन्हा माप घेतले. आता तिला न्यावेच लागणार होते! नियमात चालक आणि मार्गदर्शक यांची सक्ती होती, तिसऱ्याला मज्जाव नव्हता.

सरावात आईचा उपद्रव एकच. भाऊ वहीतून वाचे, “आठशे मीटरवर उजवा फाटा.” मागून आवाज येई, “तो नव्हे रे, तो पाटलांच्या वाडीचा. त्यांच्या सुनेला रात्री दोन वाजता जुळं झालं होतं.” बाणांच्या वहीत असला तपशील नसतो. आणि भावाचे सेकंद चुकत.

या खेळात घरगुती गाडीलाही मान असतो, हे मला या निमित्ताने वाचताना कळले. १९६८ ची लंडन ते सिडनी स्पर्धा सुमारे सोळा हजार किलोमीटरची. दिल्लीहून मोटारी मुंबईला आल्या आणि तेथून ‘चुसान’ बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. शेवटच्या टप्प्यात आघाडीवरची सित्रोएन समोरून आलेल्या मोटारीवर आदळली, आणि जिंकला अँड्रयू कोवन, हिलमन हंटर या साध्या कुटुंबवत्सल गाडीत. अलीकडे, २०२५ साली, पुण्याचे संजय टकले सौदी अरेबियात ‘डकार क्लासिक’मध्ये जुनी लँड क्रूझर घेऊन उतरले. तेथेही वेगापेक्षा नेमकेपणाला गुण असतात. भावाने हे मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, “वाळूत पंपावर फडकं ठेवते का तो?”

रॅली जानेवारीत झाली. तिचे वर्णन लिहिण्यासारखे फार नाही. एका फाट्यावर आम्ही चुकलो, एका जागी पाच मिनिटे म्हशींनी अडवले, आणि दोन ठिकाणी आमचे सेकंद असे बरोबर आले की पंचाने दोनदा घड्याळ पाहिले. छत्तीस गाड्यांत आम्ही एकोणिसावे. पद्मिनी ही एकच. दुपारच्या थांब्यावर कॉलेजची पोरे तिच्याभोवती जमली, स्टिअरिंगला लागून असलेला गिअर पाहून हसली, आणि मग एकेकाने विचारले, “मॅडम, एकदा बसू का?” आई मागेच होती. ती थोडी सरकली आणि म्हणाली, “या.”

ऑगस्टात सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या फेरनोंदणीची फी दहा हजार केली. भाऊ फोनवर बराच वेळ संतापला. आईने कपाटातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली. तपासणीत गाडी पास झाली.

रॅलीहून परतलो त्या रात्रीची एक गोष्ट राहिली. मिस्त्री फाटकाशी वाट पाहत उभे होते. कितवा नंबर, काय झाले, काही विचारले नाही. गाडी थांबताच एकेका चाकाजवळ वाकून त्यांनी ड्रमला हात लावून पाहिला. चौथ्या चाकाशी थांबले.

“डावा मागचा गरम हाय जी ताई. ब्रेक पकडून ठेवते.” आणि जॅक आणायला शेडकडे गेले.