देवाच्या दारासमोर

आफ्रिकेतला डोंगर म्हटलं की सगळे किलिमांजारोच म्हणतात. मी माउंट केनियाला निघाले तेव्हा आयटीतल्या मैत्रिणीने विचारलंच, "म्हणजे नंबर दोन?" हो, नंबर दोन. उंची ५,१९९ मीटर. पण अख्ख्या देशाला नाव दिलंय त्याने!

किकुयू लोक त्याला किरिन्यागा म्हणतात. त्यांचा देव न्गाई इथे राहतो, म्हणून प्रार्थना करायची ती डोंगराकडे तोंड करून. जुन्या घरांची दारंसुद्धा त्याच दिशेला. जोमो केन्याटांनी १९३८ साली आपल्या समाजावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'फेसिंग माउंट केनिया'. आमचा गाइड किकुयू. आजीच्या घराचं दार कुठल्या बाजूला, असं विचारल्यावर त्याने नुसती मान वळवून डोंगराकडे पाहिलं.

बाटियान आणि नेलियन हे सर्वांत उंच सुळके पक्क्या रॉक क्लाइंबर्ससाठी. (नावं मसाई धर्मगुरूंची, दिली मात्र १८९९ साली आलेल्या मॅकिंडर या इंग्रजाने. गंमतच!) तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी ४,९८५ मीटरचा पॉइंट लेनाना. सिरिमोनच्या वाटेने चारेक दिवस धरा. विषुववृत्त इतकं जवळ की दुपारी टी-शर्ट पुरतो आणि रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. इथला अवाढव्य लोबेलिया त्यावर साधा उपाय करतो: रात्री पानं मिटून आतला कोंब झाकून घेतो. मी स्लीपिंग बॅगेत तेच केलं. सशाएवढा हायरॅक्स माझी बिस्किटं घेऊन पळाला. हत्तीचा नातेवाईक आहे तो, म्हणून माफ केलं.

शेवटच्या रात्री तीन वाजता निघालो. डोकं फुटत होतं, दोनदा परत फिरावंसं वाटलं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये, स्वातंत्र्याच्या वेळी, किसोई मुन्याओने याच लेनानावर नव्या देशाचा झेंडा लावला होता. तो आठवत कशीबशी पोचले.

उजाडलं. खाली लुईस हिमनदी दिसली. हिमनदी कसली, करड्या खडकात अडकलेला मळकट बर्फ. १९३४ ते २०१० या काळात तिचा ९० टक्के बर्फ गेला. टाना नदीला पाणी मुख्यतः डोंगरावरच्या पावसाचं आणि जंगलाचं, त्यामुळे नदी लगेच आटणार नाही. पण देवाच्या घराचं पांढरं छप्पर?

गाइड म्हणाला, आजी अजून रोज सकाळी विचारते, आज वर पांढरं दिसतंय का. तिला आता नीट दिसत नाही.

"मग तू काय सांगतोस?"

"हो म्हणतो," तो म्हणाला आणि माझी सॅक उचलून उतरायला लागला.