कळसूबाईवरून दिसलेलं आपलं पाणी

आज थोडं लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण गोष्ट डोंगराची असली तरी विषय आपल्या नळाचा आहे.

२०२३ च्या नवरात्रात कळसूबाईला गेलो होतो. भाचा संगमनेरला शिकतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही पंधरा-वीस वर्षं 'नगर-नाशिकनं आमचं पाणी अडवलं' असं लिहिताय. ते पाणी कुठून निघतं ते एकदा बघा तरी." टोमणा बरोबर लागला. खरंच बघितलं नव्हतं. जायकवाडीच्या वर माझी पत्रकारिता कधी गेलीच नव्हती.

नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गावात पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. एक वाजता चढायला लागलो. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. ट्रेकवाल्या पोरांसाठी तो 'महाराष्ट्राचा एव्हरेस्ट'. पण महादेव कोळी समाजासाठी आणि आसपासच्या गावांसाठी ती आई आहे. कळसू नावाची पोर एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. अट मोडली तशी ती निघाली, डोंगर चढली आणि परत खाली आलीच नाही. अशी तिची गोष्ट सांगतात.

नवरात्रात रात्रभर माणसं चढत असतात. पुढं पुण्या-मुंबईच्या पोरांच्या कपाळावरच्या बॅटऱ्या, मागं नऊवारीतल्या अनवाणी म्हाताऱ्या. उभ्या कड्याला लोखंडी शिड्या लावल्यात. पहिल्या शिडीवर माझे पाय लटपटले. खालून एक आजी म्हणाल्या, "खाली बघू नको बाबा, आईचं नाव घे आन् चढ." त्या उपाशी होत्या, तरी माझ्या पुढं निघून गेल्या. मी पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, दर दहा मिनिटांनी बसणारा.

तिसऱ्या टप्प्यावर एका झापात चहा मिळाला. चहावाल्या मावशींनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"बीडचे."

"म्हंजी ऊस तोडाया येतात ते?"

भाचा हसला. मला हसू आलं नाही. पत्रकार आहे असं सांगायचं जिवावर आलं. विषय बदलायला म्हटलं, "मावशी, तुमच्याकडं पाणी भरपूर. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी येतं."

मावशींनी पाण्याचा कॅन दाखवला. "ह्यो खालून डोक्यावर आणलाय. आवणीच्या दिसांत इतका कोसळतो की दार उघडवत नाही. पण शिमगा झाला की आमीबी हंडा घेऊन फिरतो."

"आणि धरण?"

"धरण खाली. आमी वर."

एवढंच बोलल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

साडेपाचला माथ्यावर पोचलो. गार वारा अंगातून आरपार जात होता. देवीचं देऊळ एवढंसं, त्याला टेकून पन्नास-साठ माणसं गोधड्या-चादरी गुंडाळून बसलेली. सव्वासहाच्या पुढं पूर्व लाल झाली, मग सूर्याची कड दिसली. आजींनी हात जोडले, पोरांनी मोबाईल वर केले. मी खाली बघत होतो. उजेड आला तसं भंडारदऱ्याचं पाणी चमकायला लागलं. १९२६ सालचं, इंग्रजांनी बांधलेलं धरण, अकरा टीएमसीचं. अलीकडं वाकीचा छोटा तलाव.

भाच्यानं बोट दाखवून सांगितलं. या डोंगराचं पाणी कृष्णवंती नदीत जातं, तिथून वाकीत, मग निळवंड्यात, तिथून प्रवरेनं संगमनेर, श्रीरामपूर करत प्रवरासंगमला गोदावरीत. मग नाथसागर. तिथून उजव्या कालव्यानं १३२ किलोमीटर चालून माजलगाव धरण. आणि माजलगावातून आपलं बीड.

म्हणजे सूर्य ज्या बाजूनं वर येत होता, त्याच बाजूला पाणी खाली जात होतं. आपल्याकडं. निघत होतं, पण पोचत किती होतं हा प्रश्न.

योगायोग बघा, त्या वर्षी घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. या तारखेला फार महत्त्व आहे. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा, त्यावरचा प्राधिकरणाचा आदेश सप्टेंबर २०१४ चा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्या दिवशी साठा निम्म्याच्या आत होता. ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, त्यात प्रवरेच्या धरणांचा वाटा ३.३६. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. पाण्याची बातमी मी चार ओळींत आटोपली. कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं होऊन पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबर संपत आला होता. कोरड्या नदीपात्रानं किती पिलं, ते वेगळंच.

मावशींचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. दसरा झाला की आपल्या धारूर, केज, वडवणी, पाटोद्याची माणसं बिऱ्हाड घेऊन ऊस तोडायला निघतात. त्यातले कितीतरी याच प्रवरेच्या पट्ट्यात. पाणी खाली यावं म्हणून आपण भांडतो, ते येत नाही, आणि माणसं मात्र पाण्याच्या दिशेनं वर जातात. त्या डोंगरावर बीडची ओळख तेवढीच उरलीय.

आपल्या हक्काचं पाणी मागायचंच. ती भीक नाही, कायदा आहे. पण दोन गोष्टी मी आता लिहिताना विसरणार नाही. एक, ज्यांच्या डोक्यावर पाऊस पडतो त्यांच्याही डोक्यावर हंडा आहे. आपलं भांडण त्यांच्याशी नाही. दोन, आपल्या कालव्यात आलेलं पाणी कुठं मुरतं, कुणाच्या उसाला जातं आणि पिण्याला किती उरतं, हेही तितक्याच मोठ्या आवाजात विचारायचं. वरच्यांना विचारताना आपला आवाज चढतो, घरच्यांना विचारताना बसतो. माझाही बसलाय, हे कबूल करतो.

येत्या १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा आकडा बघा. मी टाकीनच. आणि जमलं तर एकदा कळसूबाई चढून या. शिडीवर खाली बघू नका. माथ्यावर पोचलात की मात्र नक्की बघा.