न घडलेल्या चिपचा भाव

गेल्या डिसेंबरात वाशीच्या सागर विहारात, सकाळची फेरी आटोपून खाडीकडे तोंड करून बसणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींत जो वाद झाला, त्याचा सल माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. वाद होता आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीच्या शेअरचा. एप्रिल 2024 मध्ये 20 रुपयांच्या आसपास असलेला हा शेअर पुढील 20 महिन्यांत 11,000 रुपयांच्या वर जाऊन पोहोचला होता, आणि शिखर गाठून झाल्यावर आता उतरणीला लागला होता. पूर्वी जी. डी. ट्रेडिंग अँड एजन्सीज या नावाने वावरणारी ही कंपनी, सलग 149 सत्रे लागलेले अप्पर सर्किट (म्हणजे एका दिवसात भाव चढण्याची कमाल मर्यादा), मुंबई शेअर बाजाराने तिच्या व्यवहारांना आठवड्यातून एकच दिवस मुक्रर केल्याचे वृत्त, हे सर्व वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. त्याची उजळणी मी करीत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही म्हणत होते की, ही घसरण म्हणजे आजवर बंद असलेले दार किलकिले झाले आहे, आता घेतील तेच तरतील. तर एपीएमसीत आयुष्यभर धान्याची पेढी सांभाळलेले दुसरे गृहस्थ बजावीत होते की, उतरत्या बाजारात माल उचलू नये, आधी तळ लागू द्यावा. दोघांचाही आवेश खरा होता. परंतु भावाचा मागचा तळ, पुढचे शिखर, चिपांना येणारी जागतिक मागणी, सरकारी अनुदाने, अशा नाना गोष्टींवर अर्धा तास खल होऊनही ही कंपनी आज कोणती चिप बनविते, हा प्रश्न एकाच्याही मुखातून आला नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला ते ऐकवेना.

म्हणून मी कंपनीनेच नोव्हेंबर 2025 च्या आरंभी शेअर बाजाराकडे सादर केलेला खुलासा मोबाइलवर काढला आणि त्यातील आशय सर्वांना मराठीत सांगितला: कोणत्याही प्रकारचे सेमीकंडक्टर उत्पादन आपण अद्याप सुरू केलेले नाही, सरकारच्या कोणत्याही योजनेखाली आपण अर्ज केलेला नाही, प्रसिद्ध व्यक्तींशी जोडला जाणारा आपला संबंध खरा नाही. याहून स्पष्ट कबुली एखादी कंपनी काय देणार? कंपनीच्या वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी दोन, आणि सप्टेंबर 2025 अखेरच्या तिमाहीत उत्पन्नाचा आकडा उणे, हेही मी सांगितले. त्यावर क्षणभर शांतता पसरली. मला वाटले, वाद मिटला. तोच बँकवाले स्नेही म्हणाले, ‘‘साहेब, आपल्या गावात काही चांगलं उभं राहू लागलं की तुम्ही आधी खोटच काढता. तुमच्यासारख्यांमुळेच मराठी माणूस मागे राहिला.’’ आणि खेदाची गोष्ट अशी की, चारपाच माना त्यांच्या बाजूने हलल्या.

मी ज्या खुलाशाचा आधार घेतला तो कोणा विरोधकाचा नव्हता, खुद्द कंपनीचा होता. तरी दोष आला तो वाचून दाखविणाऱ्याच्या पदरी! कंपनीने आपल्याविषयी स्वतःच्या सहीने दिलेल्या दस्तऐवजापेक्षा कोणा अनामिक इसमाने व्हॉट्सअॅपवर धाडलेली ‘टीप’ अधिक विश्वासार्ह मानली जावी, यासारखी विपरीत गोष्ट नाही. वास्तविक गफलत कुठे झाली हे उघड होते. महाप्यात चिपांच्या वेष्टनाचे आणि चाचणीचे एक केंद्र आहे. सप्टेंबर 2024 मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पण ते आरआरपी इलेक्ट्रॉनिक्स या नावसाम्य असलेल्या, कायद्याने स्वतंत्र कंपनीचे. शिवाय वेष्टन म्हणजे अन्यत्र तयार झालेली सिलिकॉनची चकती कापून, तिच्या तुकड्यांना केसासारख्या बारीक तारा जोडून, त्यांवर कवच चढविणे. ते कौशल्याचे काम आहे, त्याला मी उणे लेखत नाही. परंतु त्या चकतीवर मंडल कोरणारा कारखाना ही निराळी चीज आहे, आणि त्याला हजारो कोटी, अतिशुद्ध पाणी, अखंड वीज आणि वर्षानुवर्षांची तपश्चर्या लागते.

भावाचे गूढही तितकेसे गूढ नव्हे. सुमारे 98 टक्के शेअर मोजक्या मंडळींच्या हाती असतील, तर बाजारात फिरणाऱ्या मूठभर शेअरांवर रोजचे सर्किट लागते. त्या दिवसांत खरेदीची मागणी नोंदवूनही सामान्य गुंतवणूकदाराला शेअर मिळत नाही, कारण विकणारा कोणीच नसतो. ज्या दिवशी तो सहज मिळू लागतो, त्या दिवशी तो कोणीतरी सोडून जात असतो, एवढे तरी ध्यानी धरावे. निवृत्तिवेतनाच्या पुंजीवर जगणाऱ्याने अशा ठिकाणी ‘एव्हरेज’ करण्याच्या, म्हणजे उतरत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी खरेदीभाव कमी करण्याच्या, फंदात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे खरे असूनही घरी परतताना माझा राग त्या स्नेह्यांवर टिकला नाही. त्यांच्या बोलण्यामागे जी आस होती, ती माझ्याही ठायी आहे, किंबहुना अधिकच तीव्र आहे. या पट्ट्यातील एकेक कारखाना बंद पडताना आणि त्या भूखंडांवर काचेच्या इमारती चढताना मी पाहिल्या आहेत. येथे पुन्हा हातांनी काही घडविले जावे, आमच्या ऐरोली-कोपरखैरण्याच्या मुलांना चिप घडविण्याच्या विद्येसाठी तैवान-अमेरिकेची वाट धरावी लागू नये, असे मलाही वाटते. सकाळी ज्या आशेला मी झिडकारले, ती आशा पूर्णतः खोटी होती असे आता मला म्हणवत नाही. ती चुकीच्या कागदावर लावली गेली, इतकेच.

परंतु आशेलाही जाब विचारावा लागतो, आणि तो कंपनीच्या शेअरला नव्हे, राज्यकर्त्यांना विचारावा. पनवेलजवळ तळोज्यात टॉवर सेमीकंडक्टर आणि अदाणी समूहाच्या 83,947 कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता दिली, त्यातून दरमहा 40,000 आणि पुढे 80,000 चकत्या निघणार असे सांगितले गेले, आणि एप्रिल 2025 च्या अखेरीस अदाणी समूहाच्या टॉवरशी चाललेल्या वाटाघाटी स्थगित झाल्याचे वृत्त आले. सागर विहारातील त्या अर्ध्या तासात तळोज्याचे नाव कोणीही घेतले नाही.