फिश टँकचा पाझरणारा सांधा

घरगुती फिश टँकला पाच काचा आणि आठ सांधे असतात: चार उभे, चार तळाचे. प्रत्येक सांध्यात सिलिकॉन दोन जागी असते. काचेची कड काचेला टेकते तिथला दीड-दोन मिलिमीटरचा पातळ थर टँकला उभे धरतो. आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली गोलसर पट्टी त्या थराला शेवाळ खरवडण्याच्या ब्लेडपासून वाचवते. दुकानात नजरेत भरते ती ही आतली पट्टी. पारखायचा असतो तो पातळ थर. काचेतून तिरपे पाहिले की तो सलग दिसला पाहिजे. मध्ये चंदेरी ठिपके किंवा रेघा दिसल्या, तर तिथे हवा अडकली आहे किंवा सिलिकॉन काचेला धरलेलेच नाही.

१९६०च्या दशकात सिलिकॉनने जोडलेले टँक येण्यापूर्वी लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीने काचा बसवत आणि भार चौकट पेलत असे. आता तो भार सांधाच पेलतो. पाण्याचा दाब टँकच्या रुंदीवर नाही, खोलीवर ठरतो. ४२ सेंटीमीटर पाणी असेल तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४२ ग्रॅम भार येतो आणि वर जाताना तो कमी होत पृष्ठभागाशी शून्य होतो. ९० सेंटीमीटर लांबीच्या पुढच्या काचेवर त्याची बेरीज सुमारे ७९ किलो भरते. एका धडधाकट माणसाचे वजन त्या काचेवर रात्रंदिवस रेललेले असते.

प्रस्तुत लेखिकेच्या यवतमाळच्या घरी ९० × ३० × ४५ सेंटीमीटरचा, ६ मिलिमीटर काचेचा टँक तीन वर्षे विनातक्रार चालला. त्यात मॉली होत्या, एंजलची एक जोडी होती. मे महिन्यात स्टँडखाली ओल दिसू लागली. विदर्भात मे महिन्यात फरशीवर पाणी दिसले की संशय कूलरवर जातो. इथेही चार दिवस कूलरची टाकी आणि पाइप तपासण्यातच गेले. टँकची पातळी उतरत होती, पण ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात पाणी वाफेनेही उतरतेच. हा घोळ एका बादलीने मिटतो. टँकशेजारी काठोकाठ पाण्याची बादली ठेवून दोन्हींची पातळी दोन दिवस मोजायची. बादली ७ मिलिमीटर उतरली आणि टँक २५, तेव्हा शंका उरली नाही.

थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही. पाणी तळाच्या कडेने सरकत सर्वांत खालच्या कोपऱ्यात जाऊन ठिबकते. खरी जागा दाखवली ती बोअरच्या पाण्याने. यवतमाळ परिसर काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा, आणि इथले भूजल बहुधा जड असते. पाझर सुकला की मागे क्षारांची पांढरी रेघ राहते. लिंबाचा रस लावला की ती फसफसते. मागच्या उजव्या उभ्या सांध्यात, तळापासून तीन बोटे वर, ती रेघ सुरू होत होती. बाहेरची बाजू पुसून सांध्याला वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, तर पहिली ओली झाली तीही तिथलीच.

पहिली दुरुस्ती चुकली. बोलावलेल्या कारागिराने पाणी अर्धे काढून बाहेरून सिलिकॉन ओढले. असे लिंपण टिकत नाही. आतले पाणी त्याला काचेपासून दूर लोटते, सांधा ओलसर असल्याने त्याची पकडही बसत नाही. नवव्या दिवशी पाझर परतला. बाहेरून लिंपणे हा पैसा आणि माशांचा वेळ दवडण्याचा मार्ग आहे. नळाच्या सांध्याला लावतात ती इपॉक्सी पुटीही इथे निरुपयोगी, कारण ती कडक होते आणि भरलेल्या टँकची काच थोडी फुगते, लवते.

आतून काम करायचे तर आधी मासे हलवावे लागतात. ओतून द्यावे इतके पाणी यवतमाळात उन्हाळ्यात नसते. शहराची मदार निळोणा आणि चापडोह या धरणांवर राहिली आहे आणि २०१८चा पाणीटंचाईचा उन्हाळा भोगलेल्या घरात शंभर लिटर पाणी सहज सोडले जात नाही. ड्रममध्ये टँकचेच पाणी भरले, मासे त्यात सोडले, वर जाळी बांधली, कारण मॉली उडी मारतात. फिल्टरही ड्रममध्ये लावला, बंद राहू दिला नाही. त्याच्या स्पंजमधले जिवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवतात. हवा आणि पाण्याचा प्रवाह थांबला की ते काही तासांत मरू लागतात. एंजलची जोडी पहिले दोन दिवस ड्रमच्या तळाशी, पंख मिटून उभी होती. तिसऱ्या दिवशी तिने दाणा घेतला, तेव्हा घरालाही घास गेला. उरलेले पाणी तुळशीला आणि लिंबाच्या झाडाला गेले.

रिकामा टँक पाहिल्यावर दोष उलगडला. त्या सांध्याच्या पातळ थरात बोटभर लांबीची चंदेरी रेघ पहिल्यापासून असावी. जोडताना काच नीट पुसली गेली नव्हती. पण तीन वर्षे टिकलेला सांधा आताच का सुटला? पाणसळ लावली तेव्हा स्टँडचा उजवा मागचा पाय ५ मिलिमीटर खाली गेलेला निघाला. घराखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची फरशी तिच्यासोबत खालीवर होते. एक पाय खचला की टँकला पीळ पडतो आणि तो पीळ सर्वांत कच्च्या सांध्यावर येतो.

नवे सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. म्हणून ठिगळ चालत नाही. आतली पट्टी आठही सांध्यांतून कापून काढावी लागते. दोष पातळ थरातच असल्याने मागची काच सुटी करावी लागली. त्यासाठी तिच्या पातळ थरांतून बारीक पोलादी तार करवतीसारखी ओढली. मग ब्लेडने खरवडणे. स्वच्छ वाटणाऱ्या काचेवरही जुन्या सिलिकॉनचा दिसेल न दिसेलसा पापुद्रा असतो. नखाने चाचपून, पुन्हा ब्लेड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, असे दोन दिवस लागले. पुढचे सगळे या दोन दिवसांवर उभे राहते.

सिलिकॉन माशांना चालणारेच हवे. बाथरूमसाठीच्या प्रकारांत बहुधा बुरशीनाशक असते. ते माशांना घातक ठरते. टँकसाठीच्या नेहमीच्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. मागची काच नव्या थरावर परत बसवली की कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून पट्टी एका दमात ओढायची, बोट एकदाच फिरवायचे आणि वर साय धरण्याआधी टेप काढायचा.

हे सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने पक्के होते, बाहेरून आत, दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर. उन्हाळ्यात लवकर सुकेल हा समज इथे फसवतो, कारण यवतमाळच्या मे महिन्यात हवेत बाष्पच कमी असते. टँक कूलरच्या खोलीत, झोताच्या आड ठेवला आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. ज्या कूलरवर आळ आला होता, त्याचीच ओलसर हवा उपयोगी पडली.

चाचणी अंगणात, सपाट फळीवर घेतली: पहिल्या दिवशी एक तृतीयांश पाणी, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. पुढचे चार दिवस सांध्यांवर कोरड्या कागदाच्या पट्ट्या होत्या. स्टँडच्या खचलेल्या पायाखाली लोखंडी पत्र्याच्या चकत्या घालून पाणसळ जुळवली, स्टँडच्या फळीवर थर्माकोल अंथरला आणि ड्रममधल्या पाण्यासह मासे परत आले.

पावसाळा संपल्यावर पाणसळ पुन्हा लावली. माती फुगून तोच पाय ३ मिलिमीटर वर आला होता. टँक निम्मा रिकामा करून चकत्या कमी केल्या. आता ही तपासणी वर्षातून दोनदा होते, मे महिन्यात आणि दसऱ्याच्या सुमारास.